उलव्याची उघाडी

नुसते पक्षी बघायला म्हणून कुणी माणूस खाडी ओलांडून येतो, यावर आमच्या उलव्यात कुणाचा विश्वास बसला नाही. त्यात आमचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. तेव्हा आमच्याकडे येणारे परके ठरलेले असत. तलाठी सारा न्यायला यायचा, फौजदार माणूस न्यायला यायचा, मीठखात्याचा साहेब मोजदाद करून कर न्यायला यायचा आणि वरात नवरी न्यायला यायची. काही न नेता परत जाणारा माणूस आम्ही पाहिलाच नव्हता.

कमळाकर प्रधान हा तसा पहिला. मुंबईला मीठ उतरवून रिकामा परतणाऱ्या मचव्यात बसून तो आला. डोक्याला कॅनव्हासची टोपी, अर्धी खाकी चड्डी, खाली दोन काटक्या पाय, गळ्यात दुर्बीण आणि खांद्यावर लाकडी तिपाई. फोर्टातल्या कुठल्याशा कचेरीत नोकरी, आणि सुट्टीला हा नाद. मचवा आमच्या धक्क्याला लागला तेव्हा काशीवहिनी तिथं निवट्यांची मासळी निवडत बसली होती. तिनं त्याला पायापासून टोपीपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "पाखरा बघाया कशाला आलाय? यो तर सोताच शेकाट्या हाय."

शेकाट्या म्हणजे लांब लाल पायांचा तो काळा-पांढरा पक्षी. आमच्या मिठागरात हिवाळाभर चिखलात चोच मारत फिरतो. तेव्हापासून प्रधानसाहेबाचं नाव गावात शेकाट्याच पडलं. त्याला ते कळलं तेव्हा तो चिडला नाही, उलट खूष झाला. तिथंच मला त्याची काळजी वाटायला लागली.

काशीवहिनी म्हणजे आमच्या बाळारामदादाची बायको. दादा माझ्या चुलत्याचा मुलगा. गावच्या पुढ्यातलं खाडीलगतचं मोठं मिठागर तो करायचा. त्याच्या आधी त्याचा बाप गोटीरामबाबा करायचा, त्याच्या आधी आजा. जमीन सरकारच्या नावाची, पट्टा यांच्या नावाचा. मिठागर म्हणजे काही फार मोठं शास्त्र नव्हे, पण त्यात झोप कमी मिळते. भरतीचं पाणी बांधातल्या लाकडी दारातून आत घ्यायचं, या दाराला आम्ही उघाडी म्हणतो. मग ते पाणी या खणातून त्या खणात फिरवत उन्हाला आटवायचं, आणि मीठ धरलं की लाकडी फावड्यानं ओढून बांधावर रास करायची. उघाडी चुकीच्या वेळी उघडली तर महिन्याचं काम एका भरतीत विरघळतं. म्हणून दादा बायकोपेक्षा उघाडीवर जास्त लक्ष ठेवतो, असं वहिनी म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

मी सातवी पास. एवढ्या भांडवलावर, गावात कुणी साहेब आला की मला पुढं ढकलायचे. म्हणून शेकाट्या माझ्या वाट्याला आला. पौषातल्या सकाळी खाडीवरून धुकं चढलं की समोरचा बांधही दिसत नाही. अशा धुक्यात तो मला घेऊन बांधावर उकिडवा बसायचा. बसायचं आणि गप्प राहायचं, हे त्याचं काम. धुकं वर उचललं की मिठाच्या पांढऱ्या खणांमधून एकेक पक्षी उमटायचा. शेकाटे, कुरव, चिखलातले बारके तुरतुरे, आणि लांब मानेचे गुलाबी रोहित. आम्ही त्यांना नुसतं 'मोठा बगळा' म्हणायचो. शेकाट्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटायचं दुर्बिणीमुळे येत असेल.

"नामा, हे वाळवंट आहे," तो एकदा म्हणाला. "समुद्राच्या काठचं वाळवंट. आफ्रिकेत असा एक किनारा आहे म्हणतात. पाऊस जवळजवळ नाही, सकाळचं धुकं येतं, आणि त्या धुक्याच्या ओलीवर सगळे जीव जगतात. सरकारनं तो भाग राखून ठेवलाय, कुणी हात लावायचा नाही. इथं तसंच करायला हवं."

मी रात्री जेवताना हे दादाच्या ओटीवर सांगितलं. सगळ्यांनी भाकरीचा हात थांबवला. दादा म्हणाला, "वालवंट? आमच्या आगराला वालवंट बोलतो? इथं मीठ पिकतो!" वहिनीला मात्र त्या धुक्यावर जगणाऱ्या जीवांचं वाईट वाटलं. "धुका पिऊन प्वाट भरतो? मग ते आमच्यावानीच हायत," ती म्हणाली, आणि शेजारी जेवत बसलेल्या शेकाट्याच्या ताटात जिताड्याची आणखी एक तुकडी टाकली. तो मासे मिटक्या मारत खायचा. गावानं त्याच्यावर जो काही निम्माशिम्मा विश्वास ठेवला तो त्याच्या पक्षीप्रेमामुळे नाही, जिताड्यामुळे ठेवला.

तीन-चार हिवाळे असे गेले. मग एका माघात तो घाईघाईनं आला आणि दादाच्या ओटीवर बसून त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं. एका मोठ्या साहेबाला त्यानं राजी केलं होतं. साहेब स्वतः येऊन जागा बघणार, पक्षी दिसले की ही जागा राखीव होणार. "बाळारामभाऊ, तुमचं मीठ चालूच राहील," तो पुन्हा पुन्हा म्हणाला. "मीठ आहे म्हणून तर पक्षी आहेत. तुम्ही पाणी आत घेता, उथळ ठेवता, म्हणून त्यांना खायला मिळतं. उलट राखीव झालं तर ही जमीन कुणी कारखान्याला देऊ शकणार नाही. तिकडे शिरवण्याच्या बाजूला माणसं जमिनी मोजत फिरताहेत, ऐकलंत ना?"

ऐकलं होतं. शिरवण्याला माझी बहीण दिलेली होती. लाल-पांढऱ्या काठ्या रोवून जमीन मोजणारे तिच्या परसापर्यंत आले होते. मला शेकाट्याचं म्हणणं पटलं. दादालाही पटल्यासारखं वाटलं, कारण तो डोकं खाजवायला लागला. पण घरात गोटीरामबाबा होता.

गोटीरामबाबाचं सांगायला हवं. गोऱ्याच्या राज्यात, मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा, तो बिनपरवान्याचं मीठ केलं म्हणून तुरुंगात गेला होता. सुटला तेव्हा पनवेलला लोकांनी त्याला झेंडूचा हार घातला. तो हार त्यानं घरी आणून खुंटीला लावला. फुलं केव्हाच झडून गेली, दोरा राहिला. पण त्याच्या आधी कितीतरी वर्षं तो सापडला नव्हता, आणि आपल्या खऱ्या कर्तबगारीचा भाग तो हाच समजायचा. मीठखात्याचा शिपाई लांबून दिसला की भरतीला उघाडी उघडायची. सगळे खण पाण्याखाली, मीठ विरघळून गेलेलं. बांधावरच्या राशीवर पेंढा टाकायचा. शिपायानं विचारलं की हात जोडून म्हणायचं, "काय नाय साहेब, ओसाड हाय." पुढे परवाना आला, स्वराज्य आलं, कर आला, साहेब बदलले. गावाची रीत बदलली नाही. साहेब येणार म्हटलं की उलव्याचे हात आपोआप उघाडीकडे जायचे.

शेकाट्या परत गेला आणि त्याच संध्याकाळी ओटीवर माणसं जमली. बाबा भिंतीला टेकून म्हणाला, "पाखरांसाठी कंचा साहेब येतो रं? मीठ बघाया येतंय. पाखरांचं निमित्त."

"बाबा, तो माणूस खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

"त्यो नाय बोलत. पन त्याला कोनी खोटं सांगला आसंल तर?"

सातवीत तेवढं शिकवत नाहीत. दुसऱ्या बाजूनं गावातला रोहिदास उठला. तो नुसता पक्ष्यांनाच घाबरत होता. त्याचं म्हणणं, एकदा का पाखरांच्या नावानं सातबारा झाला की माणसांना हाकलणार, पाखरांना कोण हाकलतो? दोघांचंही समाधान करायचं तर एकच मार्ग होता, आणि सभेनं तो एकमतानं घेतला. मीठही लपवायचं आणि पक्षीही हाकलायचे. बापापुढे दादा कधी बोलायचा नाही, आणि त्या दिवशी बोलायला हवं होतं.

साहेब आला तो दिवस माघी पौर्णिमेच्या उधाणाचा. मध्यरात्रीच्या भरतीला दादानं आपल्या हातानं उघाडी उघडली. त्या वर्षी मीठ लवकर धरलं होतं, खण साखरेसारखे भरले होते. पाणी आत शिरताना तो तिकडे बघत नव्हता, एवढं मी पाहिलं. राशींवर पेंढा आणि पेंढ्यावर चिखल थापला. मग पहाटे धुक्यात शिरून पोरांनी आणि बायकांनी तेलाचे डबे बडवले. पक्षी दिसले नाहीत, नुसता पंखांचा आवाज डोक्यावरून खाडीपलीकडे गेला. बराच वेळ जात होता. एवढे असतील असं आम्हालाही वाटलं नव्हतं.

साहेब लाँचनं आला, बुटांना चिखल लागू नये म्हणून बांधावर घोंगडी अंथरली. शेकाट्यानं त्या दिवशी पूर्ण पँट घातली होती. त्यानं तिपाई लावली, दुर्बीण चढवली आणि साहेबाला म्हणाला, "पाच मिनिटं सर. धुकं उठलं की बघा."

धुकं उठलं. समोर पाणी. त्या टोकापासून या टोकापर्यंत सपाट, मातकट पाणी, आणि त्यात एक कावळासुद्धा नाही. एक टिटवी कुठूनशी ओरडली, तीही लगेच गप्प झाली.

शेकाट्यानं दुर्बीण पुसली. परत पाहिलं. परत पुसली. "काल... गेल्या आठवड्यात हजारो होते सर," तो म्हणाला. साहेब सभ्य होता, त्यानं नुसती मान हलवली. मग त्यानं दादाकडे बघून विचारलं, "हे मिठागर आहे ना? इथं काही पिकतं का?"

मी दादाकडे पाहिलं. शेकाट्यानंही पाहिलं. बांधामागे पेंढ्याखाली मीठ होतं, पाण्याखाली विरघळलेलं मीठ होतं, आज्यापासूनचं मीठ त्या जमिनीत मुरलेलं होतं. दादानं हात जोडले. "काय नाय साहेब," तो म्हणाला. "ओसाड हाय."

साहेब गेल्यावर गावानं नारळ फोडला. गोटीरामबाबा म्हणाला, आजपावेतो उलव्याच्या मिठाला कोनी हात लावू शकला नाय. शेकाट्या मात्र जेवायला थांबला नाही. उतरत्या उन्हात पक्षी परत येऊन चिखलात बसले, तेव्हा त्याचा मचवा खाडीच्या मध्यावर होता.

पुढचं सरळ आहे. पट्ट्याची मुदत संपली, आणि सरकारनं ती वाढवली नाही. कारण काय, तर स्वतः साहेबानं पाहिलं होतं आणि पट्टेदारानं स्वतः सांगितलं होतं की जागा ओसाड आहे. ओसाड जागा कारखान्याला दिली. दादा कचेरीत जाऊन सांगत होता, साहेब मीठ पिकतो, लई पिकतो. कारकून म्हणाला, मग तेव्हा का नाही सांगितलं? दोन पिढ्या कुणी साहेबाला खरं सांगितलं नव्हतं, हे त्या कारकुनाला कसं समजावायचं?

कारखान्यानं तारेचं कुंपण घातलं, एक फाटक बसवलं आणि पाटी लावली. मग कारखाना आलाच नाही. मालकाचं कुठं बिनसलं, की त्याला तळोज्याला बरी जागा दिसली, देव जाणे. पण कुंपणाला राखणदार हवा होता आणि जागा कुणाच्या पायाखालची होती, तर बाळारामदादाच्या. त्याला खाकी डगला दिला. आपल्याच आगरात आपल्याच माणसांना शिरू द्यायचं नाही, याचा त्याला महिन्याला पगार मिळायला लागला. उघाडी कुजून पडली. पाणी हवं तेव्हा आत यायचं, हवं तेव्हा जायचं. पक्ष्यांना याहून बरं काय हवं होतं? पहिल्या हिवाळ्यात दुप्पट आले, दुसऱ्या हिवाळ्यात मोजायचं सोडून दिलं.

शेकाट्याला कुणीतरी सांगितलं आणि तो आला. थकला होता, केस पिकले होते. फाटकाशी उभा राहून त्यानं दादाला विचारलं, "बाळारामभाऊ, आत येऊ का?" दादानं फाटक उघडलं. रोहितांचा थवा बघून तो बांधावर मटकन बसला आणि टोपी डोळ्यांवर ओढून रडला. आता दुर्बीणही लावलेली नव्हती.

त्या रात्री वहिनीनं कालवण केलं आणि दादा एक घास खाऊन थांबला. "मीठ कंचा?" "वान्याकडचा," वहिनी म्हणाली. "दुसरा हाय कुठं?" दादा जेवला, पण मला वाटतं त्या घासानंतर त्याच्या मनात काहीतरी बसलं. दुसऱ्या दिवसापासून तो कुंपणाच्या आतल्या एका कोपऱ्यात चिखल तुडवायला लागला. बांध घातला, जुन्या उघाडीची फळी शोधून काढली, चार छोटे खण केले. राखणदाराला कोण अडवणार? फाल्गुनात त्या कोपऱ्यात मीठ धरलं. पांढरंशुभ्र, टपोरं. त्यानं कमरेएवढी रास केली आणि तिच्यावर पेंढा टाकला नाही.

शेकाट्यानं मुंबईत परत धावाधाव केली होती. जागा रिकामी, कारखाना येत नाही, पक्षी हजारोंनी आहेत, आता तरी राखीव करा. साहेब येणार असा निरोप आला. हा दुसरा साहेब होता. गावातल्या जुन्या हातांना लगेच खाज सुटली. गोटीरामबाबाला तोवर दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. तो खाटेवरून ओरडला, "उघाडी उघडा रं!"

दादा आयुष्यात पहिल्यांदा बापाला म्हणाला, "नाय."

मग माझ्याजवळ बसून हळू बोलला, "नामा, या टायमाला मी दाखवनार. त्या साहेबाला समजाया पायजे ही जागा ओसाड नव्हती. मीठ बघंल, पाखरा बघंल. शेकाट्या बोलायचा ना, दोन्ही संगट राहतात? मग पट्टा परत दिल. देनार ना रं?"

देतील, असं मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

त्या सकाळीही धुकं होतं, आणि ते उठलं तेव्हा आधी पक्षी दिसले. सगळं तळं गुलाबी झालं होतं. साहेब "अरे वा!" म्हणाला, आणि शेकाट्या लहान मुलासारखा हसला. साहेबाची नजर फिरत फिरत कोपऱ्यापर्यंत गेली. उन्हात रास चमकत होती. तिच्या शेजारी डगल्याची सगळी बटणं लावून दादा उभा होता.

"हे काय? कुणी केलं?"

"मी साहेब," दादा छाती पुढं काढून म्हणाला. "माझ्या हातानं. बापानंही केला, आज्यानंही केला. खाऊन बघा."

साहेबानं खाल्लं नाही. त्यानं बरोबरच्या शिपायाकडे बघितलं. राखणदारानंच कुंपणाच्या आत विनापरवाना मीठ काढलं होतं, आणि तेही पक्ष्यांच्या जागेत. शेकाट्या मध्ये पडला. त्यानं हातवारे केले, मीठ आहे म्हणूनच पक्षी आहेत हे इंग्रजीत सांगितलं, मग मराठीत सांगितलं. साहेब म्हणाला, "मिस्टर प्रधान, राखीव म्हणजे माणसाचा हात नको. हे तुमचंच म्हणणं होतं ना?" ते त्याचं म्हणणं नव्हतं, पण कुठलातरी अर्धा भाग त्याचा होता, आणि तो अर्धा आता साहेबाच्या बाजूनं उभा होता.

रास जप्त झाली. शिपायांनी ती फावड्यानं खणात लोटून परत पाण्यात मिसळली, कारण नेणार कुठं? दादाची नोकरी गेली. पनवेलला खटला उभा राहिला. मी बरोबर गेलो होतो. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, गुन्हा कबूल आहे का? दादा म्हणाला, मीठ कबूल हाय. दंड झाला, तो शेकाट्यानं गुपचूप भरला आणि आमची नजर चुकवून निघून गेला. त्याला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. कुंपणावर हिरवी पाटी लागली. तिच्यावर पक्ष्याचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं की मासेमारी, शिकार आणि मीठ काढणं मना आहे. शेकाट्या त्यानंतर कधी आला नाही. पक्षी दरवर्षी येतात.

आम्ही पनवेलहून चालत घरी पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. गोटीरामबाबा ओटीवर बसून होता. पावलं ओळखून त्यानं विचारलं, "आला का बाल्या? मिठासाठी धरला ना तुला? साहेब गोरा हाय का?"

"नाय बा. आपलाच हाय."

बाबा थोडा गोंधळला. "मग हार घातला का कोनी?"

"नाय. अंगठा घेतला."

बाबानं भिंतीवर हात फिरवून खुंटी शोधली आणि तो झडलेला दोरा काढला. पण दादाचं डोकं कुठं आहे हे त्याला दिसेना, म्हणून तो दोरा हातात धरून तसाच बसून राहिला. दादा उंबऱ्याबाहेर उभा होता. काशीवहिनी आतून आली, तिनं त्याला बघितलं आणि म्हणाली, "थांबा. तसेच घरात येऊ नका. गावाची दीठ लागलीय." कचेरीतून आलेल्या माणसावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्याशिवाय आमच्याकडे घरात घेत नाहीत. ती चुलीपाशी गेली, डबे उघडले, बंद केले.

मोहऱ्या होत्या. तिनं पदराच्या गाठीतून आणा सोडला आणि माझ्या हातावर ठेवला. "नामाभावजी, वान्याकडून मूठभर मीठ आना," ती म्हणाली. मी परत येईपर्यंत बाळारामदादा उंबऱ्याबाहेर उभा राहिला.